पीएचडीनंतरचे दूरदेशीचे संशोधनपद

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी नोकरीचे जे चित्र पिढ्यान् पिढ्या लोकांच्या मनावर ठसलेले आहे, त्यात जाहिरात असते, अर्जाचा विहित नमुना असतो, अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख असते, कागदपत्रांची छाननी होते, यादी लागते आणि सरतेशेवटी शिक्कामोर्तब झालेला नेमणुकीचा हुकूम हाती पडतो. निजामाच्या अमदानीतील कचेऱ्यांपासून आजच्या जिल्हा परिषदेपर्यंत राज्यकर्ते बदलले, दफ्तराची उर्दू जाऊन मराठी आली, परंतु नोकरी ही वरून हुकमाने मिळते ही समजूत मात्र ढळली नाही. विज्ञानशाखेत पीएचडी पदरात पडलेली येथील एखादी तरुणी परदेशातील संशोधनपदाचा विचार करू लागते तेव्हा तीही स्वाभाविकपणे प्रथम जाहिरात शोधते, जाहिरातीतील पात्रतेशी आपली प्रमाणपत्रे ताडून पाहते आणि अर्ज धाडून यादीची वाट पाहत बसते. ती यादी कधीच लागत नाही, आणि आपण लहान गावच्या, लहान विद्यापीठाच्या म्हणून डावलले गेलो असा ग्रह करून घेऊन ती हा विषय कायमचा मिटवते. या प्रकरणाचा हेतू तो ग्रह दूर करण्याचा आहे. लहान गाव ही अडचण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बहुतेक उमेदवार ज्या ठिकाणी अडखळतात ते ठिकाण निराळेच आहे.

पीएचडी ही स्वतंत्र संशोधकाची सनद मानली जाते खरी, तथापि त्या सनदेवर लगेच प्राध्यापकपद देण्याची प्रथा आता जगातील मोठ्या विद्यापीठांत राहिलेली नाही. पदवीनंतर दोन ते पाच वर्षे दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठ संशोधकाच्या प्रयोगशाळेत राहावे, आपला प्रबंध ज्या मर्यादेत घडला ती मर्यादा ओलांडावी, एखादे नवे तंत्र किंवा नवा प्रश्न हस्तगत करावा आणि मग स्वतःची प्रयोगशाळा मांडावी, असा क्रम विज्ञानात रूढ झाला आहे. या काळातील संशोधकाला आपल्याकडेही आता सर्रास पोस्टडॉक म्हणतात. ही जागा कोणत्याही आकृतिबंधात कायमची नोंदलेली नसते. एक तर प्रयोगशाळेच्या प्रमुखाला एखाद्या प्रकल्पासाठी अनुदान मिळालेले असते व त्यातून तो एका माणसाचे वेतन देऊ शकतो, किंवा उमेदवार स्वतः एखादी अधिछात्रवृत्ती मिळवून आपले वेतन बरोबर घेऊन येतो. पहिल्या प्रकारात निर्णय बहुतांशी त्या प्रमुखाचा एकट्याचा असतो. दुसऱ्यात समिती बसते, तरीही यजमान संशोधकाची लेखी संमती जोडल्यावाचून अर्ज बहुधा दाखलच होत नाही. म्हणजे कोणतीही वाट धरली तरी एका अनोळखी विद्वानाशी संशोधनाच्या विषयावर पत्रव्यवहार सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही. जाहिराती निघतात, त्या पाहाव्यातही. परंतु अनेक जागा जाहिरातीपूर्वीच, कोणाच्या तरी वेळेवर आलेल्या आणि विचारपूर्वक लिहिलेल्या पत्रामुळे भरल्या गेलेल्या असतात.

ही रूढी फार जुनी नाही, आणि तिचा उगम आपल्या उमेदवारांना धीर देणारा आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या द्रव्यातून नव्या पीएचडीधारकांसाठी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. त्या काळी पदार्थविज्ञानाची राजधानी युरोपात होती, आणि अमेरिकन तरुण तेथे जे नवे घडत होते ते शिकून घेण्यासाठी समुद्र ओलांडून जात असत. लायनस पॉलिंग १९२६ साली गुगनहाइम वृत्तीवर म्युनिकला सोमरफेल्ड यांच्याकडे गेला, तेथे नुकतीच जन्मलेली पुंजयांत्रिकी त्याने आत्मसात केली आणि परत जाऊन रसायनशास्त्रातील बंधाचा विचार तिच्या पायावर उभा केला. ज्या देशाकडे आज आपला तरुण डोळे लावून बसतो, तो देशही शंभर वर्षांपूर्वी शिकायला बाहेर पडणाऱ्यांचा देश होता.

मराठी माणसाच्या वाट्याला ही वाट कशी आली हे पाहू लागलो की प्रथम कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचे नाव येते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना नकार दिला, आणि त्यांनी तो नकार मुकाट्याने मान्य न केल्यामुळेच अटी घालून का होईना पण प्रवेश मिळाला. बंगळूरला दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून त्या १९३७ च्या अखेरीस केंब्रिजला सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात पोहोचल्या. तेथे रॉबिन हिल यांच्या सान्निध्यात त्या वनस्पतींच्या ऊतींकडे वळल्या, श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते हे त्यांनी दाखवून दिले, आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या मायदेशी परतल्या. त्यांचे केंब्रिजमधील वास्तव्य डॉक्टरेटसाठी होते, नंतरचे नव्हे. तरीही एक गोष्ट त्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते. भारतात केलेले काम त्यांनी नव्या ठिकाणी तसेच पुढे रेटले नाही. त्यातून कमावलेला हात घेऊन त्या दुसऱ्याच प्रश्नाला भिडल्या. पोस्टडॉकचे मर्म नेमके हेच असते.

पुढच्या पिढ्यांत हे मर्म अधिक उघडपणे दिसते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत हलाखीत वाढलेले रघुनाथ माशेलकर यांनी १९६९ साली मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली पीएचडी पुरी केली, त्यानंतर ते इंग्लंडातील सॅल्फर्ड विद्यापीठात लेव्हरह्युल्म वृत्तीवर गेले, तेथेच अध्यापनही केले, आणि १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले तेव्हा पॉलिमर द्रवांचे प्रवाहशास्त्र हा त्यांचा प्रांत झालेला होता. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर १९७४ मध्ये शिकागोची डॉक्टरेट घेऊन ऑक्सफर्डला रॉजर पेनरोज यांच्याकडे गेले. गुरुत्वाकर्षणाच्या पुंजसिद्धान्तात पुढे त्यांनी जे मूलगामी कार्य केले, त्याची मशागत त्या वर्षांत झाली असे मानायला जागा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी बर्कलीची पीएचडी झाल्यावर १९८५ साली कॅल्टेकला मिलिकन वृत्तीवर गेले आणि दोन वर्षांत तेथेच अध्यापक झाले. मुंबईच्या शुभा टोळे कॅल्टेकच्या डॉक्टरेटनंतर शिकागो विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून राहिल्या. मेंदूची रचना गर्भावस्थेत कशी आकाराला येते हा तेथे हाती घेतलेला विषय त्यांनी १९९९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःच्या प्रयोगशाळेत आणला, आणि त्याच विषयावर ती प्रयोगशाळा नावारूपाला आली.

ही थोर नावे वाचून सामान्य उमेदवाराला वाटेल की हा मार्ग असामान्यांसाठीच आहे. म्हणून एक अगदी निराळे उदाहरण देतो, कारण माझ्या मते मराठवाड्याने त्याचाच अभ्यास करावा. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या, अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. काचेच्या पट्टीवर साध्या रासायनिक द्रावणातून अर्धवाहकाचा सूक्ष्म थर बसविण्याची ही तंत्रे महागड्या निर्वात यंत्रांवाचून करता येत, आणि म्हणूनच बेताच्या साधनसामग्रीच्या विद्यापीठाला ती साधली. पुढे दक्षिण कोरिया सौर विद्युत्घट, संधारित्रे आणि वायुसंवेदक यांच्या संशोधनावर मोठा पैसा ओतू लागला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातील शेतकरी घरांतील मुले सोलच्या हान्यांग विद्यापीठात आणि ग्वांगजूच्या चोन्नाम विद्यापीठात जाऊ लागली. एकाने नीट काम केले की यजमान प्राध्यापक त्याच्याच विभागातील दुसऱ्याबद्दल चौकशी करी. गेलेला माणूस परत येऊन स्वतःचे विद्यार्थी तयार करी आणि त्यांना त्याच वाटेवर धाडी. कोणत्याही शासकीय योजनेवाचून, केवळ एका तंत्रात मिळवलेल्या नैपुण्याच्या आणि एकमेकांच्या शब्दाच्या जोरावर उभी राहिलेली ही परंपरा आहे. केंब्रिज आणि हार्वर्ड एवढ्या दोनच नावांवर जगाचा नकाशा संपतो असे मानणाऱ्याला ती दिसणार नाही.

परभणी जिल्ह्याचे स्वतःचे वैज्ञानिक भांडवलही नगण्य नाही. येथील कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, आणि त्याने १९८० च्या दशकात प्रसारित केलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण देशभर गाजला. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणुजन्य रोग, ज्याला शेतकरी नुसता केवडा म्हणतात, पिकाचे पीक बसवून टाकतो. त्याला दाद न देणारा गुण भेंडीच्या एका रानटी भावकीतून संकराने लागवडीच्या भेंडीत आणणे हे या वाणाचे रहस्य होते. हा रोग पांढरी माशी पसरवते. तीच पांढरी माशी, तिच्या निरनिराळ्या रूपांत, पूर्व आफ्रिकेतील कसाव्यावर, म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्या पिकावर, तशाच कुळातील विषाणू पसरवून कोट्यवधी लोकांचे अन्न नासवते, आणि इंग्लंडातील ग्रीनिच विद्यापीठाची नॅचरल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आफ्रिकी संशोधकांच्या साह्याने त्या माशीवर वर्षानुवर्षे काम करीत आली आहे. गोदावरीच्या काळ्या जमिनीत भेंडीवरच्या माशीचा अभ्यास केलेल्या मुलीने आपला विषय स्थानिक व किरकोळ समजू नये, तर अशा प्रयोगशाळेचे शोधनिबंध काढून वाचावेत आणि ‘त्यांच्याकडील माशीत जे दिसते त्याला माझ्या शेतातील नोंदी पुष्टी देतात की छेद देतात’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर हाच तिच्या पत्राचा पहिला परिच्छेद होय.

आता त्या पत्राविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण सारे काही त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडून जाणारी पुष्कळ पत्रे एकाच मसुद्यातून निघालेली असतात: आरंभी आदरार्थी विशेषणांची रांग, मग ‘आपल्या सन्माननीय संस्थेत संधी मिळाल्यास मी जीव ओतून काम करीन’ अशी ग्वाही, नंतर पदव्यांची व टक्केवारीची यादी आणि शेवटी विनवणी. असे पत्र पन्नास जणांना धाडलेले आहे हे वाचणाराला दुसऱ्या ओळीत कळते, आणि तो ते बाजूला सारतो. पत्र लिहिणारी व्यक्ती नम्र आहे की नाही याचा विचार करायला त्याला सवड नसते. तिला त्याचा प्रश्न कळला आहे का, एवढेच त्याला जाणायचे असते. म्हणून पत्र एका पानाच्या आत असावे. त्याचा कोणता निबंध आपण वाचला आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्याला पुढे न्यावीशी वाटते, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. आपल्या प्रबंधात आपण स्वतःच्या हाताने काय केले ते तितक्याच नेमकेपणाने सांगावे. कोणत्या महिन्यापासून मोकळे होणार आणि स्वतःच्या वृत्तीसाठी अर्ज करण्याची तयारी आहे का, हेही लिहावे. सोबत संक्षिप्त जीवनवृत्त, निबंधांची यादी आणि शिफारस देऊ शकणाऱ्या तिघांची नावे जोडावीत, म्हणजे काम भागले. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा सौम्य शब्दांत आठवण करण्यास हरकत नसते. तीस ठिकाणी एकच पत्र धाडण्यापेक्षा सहा प्रयोगशाळांचे काम खरोखर वाचून सहा निरनिराळी पत्रे लिहिणे हे अधिक श्रमाचे आणि अधिक फलदायी आहे. हे वाचन प्रबंध सादर झाल्यावर नव्हे, तर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापासून चालू राहिले पाहिजे, कारण पत्रापासून रुजू होईपर्यंत दहा-बारा महिने सहज जातात.

शिफारसपत्राच्या बाबतीत आपली मोठी कुचंबणा होते. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याच्या दाखल्याचाच एक सुधारित प्रकार समजला जातो: अमुक विद्यार्थी प्रामाणिक, कष्टाळू आणि सुशील आहे, त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा. त्यातही पुष्कळ मार्गदर्शक विद्यार्थ्यालाच ‘तूच मसुदा करून आण, मी सही करतो’ असे सांगतात, आणि तिन्ही पत्रे एकाच हाताने, एकाच इंग्रजीत लिहिलेली निघतात. परदेशातील वाचणाराला मात्र त्या पत्रातून निराळीच माहिती हवी असते. प्रयोग फसला तेव्हा या माणसाने काय केले, कोणती कल्पना त्याची स्वतःची होती, पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत तो कोठे बसतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्यानेच ते लिहावे लागते. यावर माझ्या मते एकच टिकाऊ उपाय आहे. पीएचडीच्या काळातच आपल्या महाविद्यालयाबाहेरच्या निदान एका संशोधकाबरोबर काही आठवडे काम करण्याची सोय पाहावी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा हैदराबादच्या केंद्रीय संस्थांत कार्यशाळा आणि अल्पकालीन वास्तव्याच्या संधी असतात. हैदराबाद तर आपल्यापासून दूरही नाही. तेथे आपले काम पाहिलेला माणूस जे दोन परिच्छेद लिहील, त्यांचे वजन गावातल्या दहा प्रतिष्ठितांच्या सह्यांना येणार नाही.

तीच गोष्ट शोधनिबंधांची. पैसे भरले की आठवडाभरात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांनी ग्रामीण महाविद्यालयांतील संशोधनाचे फार नुकसान केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढून टाकली, त्यावरून हा रोग किती पसरला होता याची कल्पना यावी. पदोन्नतीच्या गुणांसाठी अशा निबंधांचा कधी काळी उपयोग झालाही असेल. परदेशातील प्रयोगशाळेत मात्र असा एक निबंध यादीत दिसला की बाकीच्या चांगल्या निबंधांवरही संशयाची छाया पडते. दोनच निबंध असोत, पण ते नीट परीक्षण झालेल्या नियतकालिकातले असावेत; आणि परीक्षण लांबत असेल तर हस्तलिखित सार्वजनिक पूर्वमुद्रित संग्रहात ठेवावे, म्हणजे यजमानाला ते लगेच वाचता येते.

अधिछात्रवृत्त्यांचे जग विस्तृत आहे आणि त्यांचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी मूळ नियमावली वाचणे अपरिहार्य आहे. येथे त्यांच्या प्रकृतीतील फरक तेवढा सांगतो. जर्मनीची अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट प्रतिष्ठानची वृत्ती १९५३ पासून जगभरच्या संशोधकांना मिळत आली आहे. तिला विषयाचे वा देशाचे बंधन नाही, अर्जाची एकच ठरावीक शेवटची तारीखही नाही, समिती वर्षातून अनेकदा बसते, आणि जर्मन यजमानाची संमती मात्र अत्यावश्यक असते. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी वृत्ती हालचालीच्या अटीवर उभी आहे: ज्या देशात जायचे तेथे मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले चालत नाही, तिचा अर्ज उमेदवार व यजमान मिळून लिहितात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेच्या वृत्तीत तर अर्ज जपानी यजमानच दाखल करतो, म्हणून तेथे पत्रव्यवहार हीच खरी परीक्षा ठरते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीची न्यूटन वृत्ती, जीवशास्त्रासाठी युरोपीय एम्बो संघटनेची वृत्ती (भारत २०१६ पासून तिच्या परिषदेचा सहयोगी सदस्य आहे), आणि स्ट्रासबुर्गच्या ह्यूमन फ्रंटियर कार्यक्रमाची वृत्ती याही ध्यानात ठेवाव्यात. या शेवटच्या वृत्तीत प्रबंधाच्या विषयापासून दूर जाण्याची तयारी ही पात्रतेचीच कसोटी असते. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू वृत्ती आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएचडीच्या शिक्षणासाठी असून पोस्टडॉकसाठी नाही, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण त्या आशेवर राहून दुसरीकडच्या मुदती चुकविलेले उमेदवार पाहण्यात येतात.

अमेरिकेत परदेशी पोस्टडॉकचे वेतन बहुधा यजमानाच्या अनुदानातूनच येते, कारण तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रशिक्षणवृत्त्या बहुतांशी नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरत्या मर्यादित असतात. तरी त्या संस्थेने ठरविलेला दर साऱ्या देशात मापदंड म्हणून पाहिला जातो. २०२४ सालासाठी नवख्या पोस्टडॉकचा हा दर ६१,००८ डॉलर होता. रुपयांत हा आकडा डोळे दिपवतो, परंतु बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्को येथील घरभाडे त्यातला मोठा वाटा गिळते, तेव्हा कुटुंबासह जाणाऱ्याने शहर पाहूनच हिशेब करावा. २०२५ पासून अमेरिकेतील अनेक संशोधन-अनुदाने खंडित झाली आहेत. अशा वेळी यजमानाला ‘या जागेसाठीचे अनुदान किती काळ मंजूर आहे’ असे विनयाने पण स्पष्ट विचारणे हा उमेदवाराचा हक्क आहे. जर्मनीत आणखी एक भेद आहे: नोकरीचा करार असेल तर कर, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते, नुसती वृत्ती असेल तर हाती अधिक रक्कम येते, पण मागे काही जमा होत नाही.

विषयागणिक ऋतू निराळे असतात. खगोलशास्त्र व गणित यांत बाजार वर्षातून एकदा भरतो: सप्टेंबरपासून जागा जाहीर होतात, ऑक्टोबर ते डिसेंबर अर्ज जातात, आणि खगोलशास्त्रात १५ फेब्रुवारीपूर्वी उत्तर देण्याची सक्ती उमेदवारावर करू नये असा संकेत आहे. तो हंगाम हुकला की वर्ष गेले. रसायन आणि जीवशास्त्र यांत मात्र बारमाही शोध चालू असतो. मराठवाड्यातील पीएचडीधारकांत रसायनशास्त्राची मंडळी बहुसंख्य असल्यामुळे या दुसऱ्या प्रकारची सवलत आपल्या वाट्याला अधिक येते, आणि तिचा एक तोटाही असा की घाई नसल्यामुळे पत्र लिहिणे उद्यावर ढकलले जाते.

पत्र पसंत पडले की दूरदृश्य मुलाखत होते. गंगाखेडला सायंकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि बर्लिनला दुपारचे अडीच, तेव्हा मुलाखतीची वेळ आपल्या सोयीची पडते. विजेचा भरवसा नसल्यास त्या दिवशी परभणी किंवा नांदेडला एखाद्या स्नेह्याच्या घरी बसावे. प्रथम आपल्या कामावर वीस-तीस मिनिटे बोलायचे असते आणि त्यानंतर प्रयोगशाळेतील इतर संशोधक प्रश्न विचारतात. आपल्या मुलांचे इंग्रजी अडखळते म्हणून ती धास्तावतात. परंतु जो ऐकतो आहे तोही पुष्कळदा चीन, इटली किंवा इराणमधून आलेला असतो, आणि त्याला उच्चाराची नव्हे, विचाराची सुसंगती हवी असते. येत नसलेल्या प्रश्नाला ‘हे मी करून पाहिलेले नाही, पण असे करून पाहीन’ हे उत्तर पूर्ण प्रतिष्ठेचे असते. उमेदवारानेही विचारावे: येथून बाहेर पडलेले लोक आज कोठे आहेत, मी सुरू केलेला विषय मला बरोबर नेता येईल का, माझ्या नावाने निबंध कसे निघतील. पूर्वीच्या पोस्टडॉकला स्वतंत्रपणे लिहून त्या प्रयोगशाळेतील वातावरणाची चौकशी करणे हेही शहाणपणाचे आहे. वरिष्ठाच्या मर्जीवर परदेशातला व्हिसा टांगलेला असतो, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

निवड झाल्यावर कागदपत्रांचा काळ सुरू होतो, आणि त्यात सर्वांत मोठा खोळंबा आपल्याच बाजूला असतो. प्रबंध सादर होऊन मौखिक परीक्षा व अधिसूचना निघेपर्यंत महिनेच्या महिने जातात. तोपर्यंत प्रमाणपत्र हाती नसते, आणि यजमान संस्था व व्हिसा अधिकारी दोघेही ते मागतात. म्हणून मौखिक परीक्षेनंतर लगेच तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. जन्मदाखला, पारपत्र आणि पदव्या यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे वर्षभर आधी पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याचा विशेष त्रास होतो. अमेरिकेचा जे-१ व्हिसा घेऊन गेल्यास मायदेशी दोन वर्षे राहण्याचे बंधन पूर्वी अनेक भारतीयांना त्यांच्या विषयामुळे लागू होई. डिसेंबर २०२४ मध्ये त्या कौशल्ययादीतून भारताचे नाव वगळले गेले, मात्र फुलब्राइटसारखा शासकीय पैसा घेणाऱ्यांवर ते बंधन अद्याप आहे.

परतीचा विचार जाण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे ठरते. केंद्र शासनाच्या रामानुजन आणि रामलिंगस्वामी या वृत्त्या परदेशातून परतणाऱ्यांसाठीच निघालेल्या आहेत; इन्स्पायर फॅकल्टीला वयाची अट कडक आहे, तेव्हा वर्षे मोजून असावे. ज्यांना आपल्याच भागात महाविद्यालयीन अध्यापन करायचे आहे, त्यांना घरची मंडळी ‘तीन वर्षे बाहेर घालवून सेवाज्येष्ठता बुडेल’ असे भय घालतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मात्र सहायक प्राध्यापकाच्या प्राथमिक निवडीसाठी पोस्टडॉकचा अनुभव अध्यापनाच्या अनुभवाच्या बरोबरीने धरला असून, प्रत्येक वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०, अशी तरतूद आहे. त्यासाठी यजमान संस्थेकडून रुजू झाल्याची व मुक्त झाल्याची तारीख, पदनाम आणि वेतनाचा उल्लेख असलेले पत्र निघतानाच घ्यावे. दोन वर्षांनी मागू गेल्यास ते देणारा माणूस त्या दफ्तरात राहिलेला नसतो.

जे आधीच एखाद्या अनुदानित महाविद्यालयात रुजू आहेत, त्यांचा प्रश्न अभ्यासरजेचा. निमंत्रणपत्र हाती पडताच रजेचा प्रस्ताव प्राचार्यांमार्फत संस्थेकडे द्यावा, आणि तो पुढे नांदेडच्या विद्यापीठाकडे व उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात पोहोचला की नाही याचा पाठपुरावा स्वतः करावा, कारण मंजुरीविना गेलेल्या माणसाचा धारणाधिकार धोक्यात येतो. मंजुरीला उशीर होत असल्यास तसे यजमानाला वेळीच आणि कारणासह लिहावे. रुजू होण्याची तारीख दोन-तीन महिने पुढे ढकलायला बहुतेक प्रयोगशाळा तयार असतात.